ड्राय वेगळी, तुरट वेगळी

वाइन चाखायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका वाचकाने विचारलंय : प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं म्हणून ‘ड्राय वाइन’ला ‘कोरडी वाइन’ म्हणावं का?

अजिबात नको! यीस्टने द्राक्षरसातली साखर जवळजवळ फस्त केली, गोडी उरली नाही, की वाइन ड्राय. मराठी शब्द हवाच असेल तर ‘अगोड’ म्हणा. तोंड कोरडं पाडतं ते टॅनिन, आणि ते येतं द्राक्षाच्या साली, बिया आणि देठांतून. त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ असा खणखणीत शब्द असताना तोंड आवळलं की ‘फार ड्राय आहे हो’ म्हणणारे जिथे-तिथे भेटतात. त्यांना पोर्ट नावाची तांबडी वाइन पाजावी. ती गोडही असते आणि तुरटही! उलट साली काढून नुसता रस आंबवलेल्या ड्राय पांढऱ्या वाइनमध्ये साखर नावाला नसते, तरी तुरटपणा सहसा जाणवत नाही. घोट तोंडभर खेळवा आणि मग जीभ हिरड्यांवरून फिरवा. जीभ अडखळली तर तुरट, लाळ सुटली तर आंबट. कडूचं प्रकरण निराळंच, ते आज नको.

आता खरी गंमत. ‘तुरटीवरून तुरट’ असं ठोकून देणाऱ्यांनी संस्कृत ‘तुवर’ पाहिलेला दिसत नाही. तुवर म्हणजेच कषाय, तुरट. त्याचीच ‘तुवरी’, आणि तिच्या पोटी तुरटी आणि आपली तूर अशा दोघी. म्हणजे गुण आधी, वस्तू नंतर. त्याही मागे जायचं तर हा शब्द मुळात द्राविडी असावा. तमिळमध्ये ‘तुवर्’ म्हणजे तुरटपणा, ‘तुवर्’ म्हणजे तांबडा रंग आणि ‘तुवर्’ म्हणजे सुकणंही. हे तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडे. मला तो एकच शब्द वाटतो : सालीतून रंग उतरतो तिथेच तुरटपणा उतरतो, आणि तुरट लागलं की तोंड सुकतं. तांबड्या वाइनचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही. (यामुळे ‘कोरडी’वाल्यांना थोडा आधार मिळतो, हे मला दिसतंय. पण तो तमिळमध्ये, मराठीत नाही.)

‘तुरट ही चवच नाही, तो स्पर्श आहे’ हे शरीरशास्त्र मला ऐकवू नका. षड्रसांत कषाय आहे, मला तेवढं पुरे.

आणि टॅनिन? कातडी कमावायला ओकची साल वापरत, तिला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. ते चामड्यातल्या प्रथिनांना धरतं, तसंच तोंडात लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून बुळबुळीतपणा जाऊन जीभ खरखरते. तुरटीनेही कातडी कमावतातच.