हायड्रोजनची ओढ असेल, तर आधी धातू शिकू द्या

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. ॲल्युमिनियम पाण्यात टाकून हायड्रोजन काढतात असा व्हिडिओ पाहिल्यापासून 'हायड्रोजन इंजिनिअरच होणार' म्हणतो. आमचं स्लायडिंग खिडक्यांचं छोटं काम आहे, तिथले तुकडे घरी आणून प्रयोग करायला बघतो. त्याचे बाबा कॉम्प्युटरचाच हट्ट धरून आहेत. काय करू?
– एक आई, भांडुप

ताई, नमस्कार.

आधी घरातले प्रयोग आजच थांबवा. ॲल्युमिनियम आणि ड्रेन साफ करायचा कॉस्टिक सोडा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, द्रावण उकळायला लागतं आणि झाकण लावलेली बाटली फुटते. डोळा जाऊ शकतो. हे कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोरच.

त्याने पाहिलं ते मात्र खरं आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, म्हणून पातेल्यात पाणी उकळलं तरी धातूला काही होत नाही. तुमच्या खिडक्यांच्या सेक्शनवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, ॲनोडायझिंग करतात, तो हाच थर मुद्दाम जाड केलेला. गॅलियम आणि इंडियम या धातूंचं मिश्रण लावलं की हा थर सलग टिकत नाही आणि साध्या पाण्यातही हायड्रोजन सुटू लागतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे समुद्राच्या पाण्यात करून दाखवलं. खाऱ्या पाण्यामुळे महागडं गॅलियम-इंडियम परत मिळवता येतं, आणि कॉफीतल्या कॅफीनने क्रियेला वेग येतो.

पण खर्चाची बाजू व्हिडिओत फारशी येत नाही. एक किलो ॲल्युमिनियमपासून सुमारे १११ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, म्हणजे पावणेचार युनिटांच्या आसपास ऊर्जा. जवळपास तेवढीच उष्णता म्हणून बाहेर पडते. आणि तो किलोभर धातू भट्टीत नव्याने तयार करायला साधारण १४ युनिट वीज लागते. मग भंगार वापरावं? पण भंगार वितळवून पुन्हा वापरलं तर नव्या धातूला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के वाचते. म्हणून स्वच्छ भंगार वितळवलेलंच बरं, असं माझं मत आहे. हायड्रोजनचे सिलिंडर पोचवणं कठीण अशा ठिकाणी, समुद्रावर किंवा दुर्गम भागात, ही पद्धत उपयोगी पडेल.

म्हणून बारावीनंतर लगेच 'हायड्रोजन'चं लेबल शोधू नका. या प्रश्नाचं मर्म धातूच्या पृष्ठभागात आहे. मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि मटेरिअल्ससाठी आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी. केमिकलसाठी माटुंग्याचं आयसीटी. आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्ड लागते, आयसीटीसाठी एमएचटी-सीईटीची तयारी नीट करावी. दोन्ही हुकलं तर केमिस्ट्रीत बीएस्सी-एमएस्सी करूनही संशोधनात जाता येतं. हायड्रोजनचा विषय एमटेक किंवा पीएचडीला घेता येईल. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्रीन हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे, पण त्यात मुख्य भर पाण्याच्या विद्युत विघटनावर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करण्यावर आहे. शिवाय मेटलर्जीच्या पोराला ॲल्युमिनियम, कोटिंग, रिसायकलिंग, बॅटरी अशी बरीच दारं उघडी असतात. बाबांनाही हे सांगा. कोडिंग त्याने बाजूने शिकावंच, या कामातही ते लागतं.

आता एक करा. वरचा हिशेब त्याला वहीत स्वतः मांडायला सांगा: रासायनिक समीकरणापासून १११ ग्रॅमपर्यंत, मग युनिटांपर्यंत. त्यात रमून पुढचे प्रश्न विचारू लागला, तर त्याला ही वाट निवडू द्या. बुडबुड्यांपुरतंच आकर्षण असेल, तर प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी तिघं मिळून पुन्हा बोला.