पावसाळ्यात लाकडी खिडक्या फुगून बंद होईनात, सुतार रंधा मारू म्हणतोय, मारू का?

आत्ता मारू नका, हे पहिलं सांगतो. तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर आहे, खाली सागवानी खिडक्या आणि वर नवीन बांधलेल्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, खालच्या लागेनात आणि वरच्यांच्या चॅनलमधनं पाणी आत येतंय. दोन्हीचं कारण पाणीच, पण इलाज वेगळा आहे.

लाकूड उंचीत फारसं फुगत नाही, फुगतं ते रुंदीत. त्यामुळं झडपेच्या उभ्या पट्ट्या चौकटीला जाऊन घासतात. आत्ता जुलैत सुतारानं दोन सूत उडवलं की आज झडप गपकन बसणार आणि तुम्ही खूश, पण मार्चमध्ये लाकूड सुकलं की तिथं तेवढीच फट पडणार आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, लाकूड परत फुगायच्या आधी, त्याच फटीतनं वारं-पाणी आत. आपल्याकडं पाऊस वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि येतो तो पश्चिमेकडनं तिरका. म्हणून आधी बघा, अडकणाऱ्या खिडक्या पश्चिमेच्याच आहेत का. बऱ्याचदा तसंच असतं.

मग बिजागरी बघा. झडप जरा उचलून हलवा, वरची बिजागरी सैल असेल तर झडप खाली लोंबून कोपऱ्यात घासते आणि आपण म्हणतो फुगली. स्क्रू आवळा. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून आत ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू बसवा. तरी घासत असेल तर कडेला खडू फासून झडप लावून उघडा, चौकटीवर खडू जिथं उमटला तेवढीच जागा घासतेय. तेवढ्यावर मेणबत्ती घासून पावसाळा काढा, रंधा मारायचाच झाला तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर आणि तेवढ्याच जागेवर.

आता खरं दुखणं. एक छोटा आरसा घ्या आणि झडपेच्या खालच्या कडेखाली धरून बघा. दहातल्या आठ घरांत तिथं कोरं लाकूड दिसेल असं मी पैजेवर सांगतो. रंगारी समोरनं दिसतंय तेवढंच रंगवतात, खालची आणि वरची कड तशीच राहते, आणि उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी तिथंच उघडी असतात, लाकूड टोकाकडनं सगळ्यात जास्त पाणी पितं. बाहेरनं चकचकीत ऑइल पेंट आणि खालनं पाणी चढतंय, मग रंगाला फोड येतात आणि लोक पेंटच्या कंपनीला शिव्या देतात. झडप बिजागरीवरनं काढा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर आणि दोन हात पेंट त्या कडांना द्या. माझ्या मते लाकडी खिडकीच्या सगळ्या देखभालीत याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काम नाही.

आणि वेळ. आपल्यात गणपतीच्या आधी घर रंगवायची घाई असते. आतल्या भिंती उरका पाहिजे तर, पण खिडक्यांचं लाकूड तेव्हा ओलं असतं, त्यावर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. खिडक्या दिवाळीनंतर चांगलं ऊन पडून लाकूड सुकलं की घ्या, नाहीतर सरळ शिमगा झाल्यावर. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं अवघड जातंय हे मला माहीत आहे, तरी पटवा.

काचेभोवतीची लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, तडकली असेल तर पाणी तिच्यामागनं लाकडात उतरतं. खडू पावडर आणि जवसाच्या तेलाची लांबी भरायची, वर साय धरायला आठवडा-दोन आठवडे द्यायचे, मगच रंग. एक काळजी नक्की घ्या, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळत घाला.

गजांचा गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर पेंट, एवढं पुरे.

आता वरची स्लायडिंग. खालच्या चॅनलला बाहेरच्या बाजूला बारीक खाचा असतात, पाणी बाहेर जायला. आपल्याकडची लाल माती त्यात बसून घट्ट होते, मग चॅनल भरतं आणि पाणी आत सांडतं. जुन्या टूथब्रशनं माती काढा, तारेनं खाचा मोकळ्या करा आणि तांब्याभर पाणी ओतून बघा, बाहेर धार लागली की झालं. काही जण पाणी येतंय म्हणून त्या खाचाच सिलिकॉननं बुजवतात, तसं अजिबात करू नका की. खाचा नसतीलच तर फॅब्रिकेटरला बोलावून पाडून घ्या.

सिलिकॉन लावायचं ते चौकट आणि भिंतीच्या सांध्यात, बाहेरनं, जागा कोरडी असताना. दुकानात न्यूट्रल म्हणून मागा, व्हिनेगरसारखा वास येतो ते सिमेंटला आणि धातूला चांगलं नाही. खिडकीखालच्या भिंतीवरच्या पट्टीचा उतार बाहेर आहे का तेही बघा, आत असेल तर सिलिकॉनच्या कितीही ट्यूब घाला, उपयोग नाही, गवंड्याकडनं उतार करून घ्यावा लागेल.

चॅनलला खोबरेल तेल लावू नका, धूळ चिकटून रोलर जाम होतात, सिलिकॉन स्प्रे मारा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन जातात, फक्त खाली कडाप्पा किंवा मार्बल असेल तर त्यावर सांडू देऊ नका. आणि बाहेरची बाजू पुसायला छज्ज्यावर उतरू नका, बहुतेक स्लायडिंग पल्ला वर उचलून खालनं आत ओढला की निघतो, दोघांनी धरून काढा आणि बाथरूममध्ये नेऊन धुवा.