ओघळ आणि पाणी

पणजी, गोवा

प्रिय विद्यार्थिनीस,

मंगळावरच्या ओघळांविषयी तू पाठवलेले टिपण वाचले. नजर चांगली आहे. परंतु पहिल्याच ओळीत ‘पाण्याने कोरलेले’ असे लिहून मोकळी झालीस, ते मला खटकले. आपण पावसाळी मुलखातली माणसे. डिचोलीकडच्या खाणींच्या डंपांवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवर, एकाच पावसाळ्यात पडणाऱ्या घळी पाहत आपण वाढतो, त्यामुळे उतारावर रेघ दिसली की आधी पाणीच आठवते.

चित्र उघडल्यावर प्रथम प्रकाश कोठून येतो ते ठरव. ही चित्रे घेणारे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान 2006 मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. दिवसाच्या बाजूने जाताना ते बहुतेक ठिकाणी तेथील दुपारी तीनच्या सुमारास असते, म्हणून उत्तर वर ठेवलेल्या चित्रात ऊन साधारणपणे डावीकडून येते. विवर असेल तर सावली त्याच्या डाव्या भिंतीला आतून लागते, टेकडी असेल तर उजव्या अंगाला पडते. हे न ठरवता पाहिलेस, तर विवरे फुगवट्यांसारखी दिसू लागतात, आणि एकदा तशी दिसली की डोळा हट्टाला पेटतो.

तू थेट हायराइज या त्या यानावरच्या बारीक तपशील टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर गेलीस. त्यातला एक पिक्सेल सुमारे 30 सेंटिमीटरचा असल्याने मोह होणारच. पण त्या चित्राचा पट्टा जेमतेम 6 किलोमीटर रुंद. आधी सीटीएक्स या त्याच यानावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या 30 किलोमीटरच्या पट्ट्यात तो उतार कोणत्या विवराचा आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते पाहा.

मंगळाच्या उतारांवर उन्हाळ्यात वाढणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या काळसर रेघांची गोष्ट तुला ठाऊक असावी. 2011 मध्ये त्यांचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडला गेला. 2017 मध्ये उतार काटेकोर मोजले, तेव्हा त्या जवळपास केवळ 27 अंशांहून तीव्र उतारांवरच असल्याचे, म्हणजे कोरडी वाळू घसरते तेथेच असल्याचे आढळले. घळींच्या बाबतीतही आज होणारे बदल बहुतांशी हिवाळ्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिमाशी जोडले जातात. प्राचीन मंगळावर नद्या होत्या, जेझेरो विवरात त्रिभुज प्रदेशही आहे. पण तो पुरावा वेगळ्या काळाचा आहे, तो या ओघळांना चिकटवता येत नाही.

सरावासाठी आपल्याच एखाद्या डंपची मार्च आणि नोव्हेंबरमधली उपग्रहचित्रे घे, घळींचे वर्णन आधी चित्रावरून लिही आणि मग प्रत्यक्ष जाऊन पडताळून पाहा. ही सोय मंगळावर नाही. नव्या टिपणात लांबी, उताराची दिशा, वरचे तोंड, खालचा पंखा (पायथ्याशी पसरलेला गाळ) आणि चित्राची तारीख एवढेच लिही, आणि त्याच जागेचे दुसऱ्या ऋतूतले चित्र मिळाले तर सोबत जोड. कारणमीमांसेचा परिच्छेद तूर्त कोरा ठेवलास तरी चालेल.

तुझा शुभचिंतक