प्रभू येणार आहे, म्हणूनच दगड बसवा

ताई, सलाम.
मी मिरजेची. हॉस्पिटलात नर्स होते, आता निवृत्त आहे. आमचे हे रेल्वेत होते. तीन वर्षं डायलिसिसवर काढून मागच्या पावसाळ्यात गेले. एकुलता मुलगा कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होता. वडील गेल्यापासून तो एका प्रार्थना गटात जातो. तिथले ब्रदर सांगतात की महापूर झाला, कोरोना झाला, लढाया चालू आहेत, सगळी चिन्हं पूर्ण झाली. येत्या ईस्टरच्या आत मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, वर स्वर्गात उचलले जाणार. मुलानं नोकरी सोडली. माझ्या ग्रॅच्युइटीची एफडी मोडून प्रभूच्या कामाला द्या म्हणून मागे लागलाय. यांच्या कबरीवर दगड बसवायचा विषय काढला तर म्हणतो, "आई, पप्पा उठणारच आहेत, दगडाला पैसे कशाला?" मी कबरीपाशी रडले तर ब्रदर म्हणाले, रडणं म्हणजे अविश्वास.
ताई, पुनरुत्थानात लग्न नाही असं प्रभूनंच सांगितलंय. मग आमचा एकतीस वर्षांचा संसार कुठं गेला? ते मला ओळखतील का? त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून घेतलेली शीर, फिस्तुला, होता, त्याची थरथर लागते का ते मी रोज बोटानं बघायचे. तो हात तसाच असेल का? आणि आत्ता ते कुठं आहेत?
– एक सिस्टर, मिरज

सिस्टर, सलाम.

आधी तातडीचं सांगते. एफडी मोडू नका. ते पैसे तुमच्या रात्रपाळ्यांचे आहेत आणि उद्या तुमच्या औषधपाण्याला तेच उभे राहणार आहेत. बँकेत जा, खातं फक्त तुमच्या सहीनं चालतं ना, नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लागलंय, मोबाईल बँकिंग कोणाच्या फोनवर आहे, एवढं बघून या. कोऱ्या कागदावर सही करू नका. त्या गटाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का, दिलेल्या पैशाची पावती मिळते का, हे विचारण्यात अविश्वास अजिबात नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू अशा शास्त्र्यांबद्दल सावध करतो, जे लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळंकृत करतात. त्याच्या लगेच खाली विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आहे. ती गोष्ट तुम्हाला ऐकवली जाईल. ऐकवली की वरची ओळही मोठ्यानं वाचायला सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नांकडे येते.

थेस्सलनीका नावाच्या शहरात इ.स. 50 च्या सुमारास एक लहानशी मंडळी होती. प्रेषित पौल तिथं थोडेच दिवस राहिला. दंगा झाला आणि त्याला रातोरात निघावं लागलं. मागं राहिलेल्या या नव्या विश्वासणाऱ्यांत काही मृत्यू झाले. बाकीचे हबकले. प्रभू येईल तेव्हा आपण त्याला पाहू, पण जे आधीच गेले त्यांचं काय? ते चुकले का? पौलानं करिंथहून त्यांना पत्र लिहिलं. नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांत ते मोडतं. म्हणजे तुम्ही जे विचारताय ते ख्रिस्ती लोकांनी अगदी पहिल्या पिढीतच, पहिल्या दफनापाशीच विचारलं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा तुम्ही खेद करू नये. ब्रदरांनी यातलं "खेद करू नये" एवढंच उचललेलं दिसतं. पौल खेदाला मनाई करत नाही. आशा धरून खेद करा, असं तो सांगतो. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, आणि तो कधी रडला ते बघा. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून बाहेर काढणार, हे त्याला ठाऊक होतं, तरी तो रडला. पहिला हुतात्मा स्तेफन याला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी फार शोक केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. यापो गावात तबीथा वारली तेव्हा तिथल्या विधवा रडत रडत तिनं शिवलेले कपडे पेत्राला दाखवत उभ्या होत्या. पेत्रानं त्यांच्यातल्या एकीलाही अविश्वासू म्हटलं नाही. तुमच्या घरात त्यांचा रेल्वेचा डबा असेल, बूट असतील, डायलिसिसची फाईल असेल. त्या वस्तू हातात घेऊन रडावंसं वाटलं तर रडा. नर्स म्हणून तुम्ही किती जणांच्या नातेवाइकांना पाणी दिलं असेल, खांद्यावर हात ठेवला असेल. तुमच्या वेळी कोणी तेवढंही केलं नाही, उलट दटावलं, याचा मला राग येतो.

ते आत्ता कुठं आहेत? ख्रिस्ताजवळ आहेत. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पौलही लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं अधिक चांगलं. शास्त्रात मरणाला झोपही म्हटलंय, त्यामुळे यावर वाद पुष्कळ झाले. काही मंडळ्या आजही मानतात की मेलेली माणसं शेवटच्या दिवसापर्यंत गाढ झोपेत असतात, आणि प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिननं तरुणपणी, 1534 मध्ये, या मताविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला होता. कॅथोलिक लोक 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तशी रीत नाही. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ते ख्रिस्ताच्या हातातून निसटलेले नाहीत. आणि एवढ्यावरच आपली आशा संपतही नाही. रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण "देहाचे पुनरुत्थान" म्हणतो. आत्मा वर गेला, झालं, असं आपण मानत नाही. ख्रिस्त परत येईल तेव्हा हा देहच उठेल.

आता लग्नाचं. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात सदूकी नावाच्या यहुदी पंथाचे लोक येशूपाशी येतात. पुनरुत्थान त्यांना मान्यच नव्हतं, त्यांना प्रभूला पेचात पकडायचं होतं. एक भाऊ मेला, मूल नाही, म्हणून त्याच्या बायकोशी दुसऱ्यानं लग्न केलं, तो मेला, मग तिसऱ्यानं, असे सातही झाले; तर पुनरुत्थानात ती कोणाची? तो प्रश्न पुन्हा वाचा, सिस्टर. त्यात त्या बाईच्या जिवाची चौकशी कुठं आहे? ती वंश चालवण्यासाठी एका हातातून दुसऱ्या हातात दिलेली, आणि आता तिच्यावर मालकी कोणाची एवढंच त्यांना विचारायचंय. येशू उत्तर देतो की तिथं कोणी लग्न करत नाहीत, करून देत नाहीत. जिथं मरण नाही तिथं मेलेल्याचा वंश चालवायला बाई लागत नाही. त्या दिवशी ती बाई पहिल्यांदा कोणाचीच मालमत्ता राहत नाही. हे वचन मला नेहमीच बायकांसाठीचं सुवार्तेचं वचन वाटत आलंय, आणि तेच तुमच्या छातीवर दगडासारखं ठेवलं गेलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

माणसं एकमेकांना विसरतील, प्रेम पुसलं जाईल, असं येशू तिथं कुठंही म्हणत नाही. पौल तर म्हणतो, प्रीती कधी अंतर देत नाही. तीन वर्षं रोज एका हाताची थरथर बोटानं बघणं ही प्रीतीच होती. ती वाया जाणार नाही.

ओळखीचं म्हणाल तर उठलेल्या येशूकडेच बघू या, कारण आपला देह त्याच्या गौरवी देहासारखा होईल असं वचन आहे. मग्दालीया मरीयेनं त्याला आधी माळी समजलं. त्यानं "मरीये" म्हणून हाक मारली आणि तिनं ओळखलं. त्यानं सरोवराच्या काठी कोळशावर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली. आणि थोमाला त्यानं हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा हातांवर होत्या. वेदना गेली होती, खूण होती. तुमच्या मिस्टरांच्या डाव्या हातावर खूण असेल का, याबद्दल शास्त्र काही बोलत नाही, तेव्हा मीही पुढं बोलत नाही. पण खूण असली तरी त्या हाताला पुन्हा सुई लागणार नाही. आणि ते तुम्हाला नावानं हाक मारतील, असा माझा विश्वास आहे.

मुलाबद्दल. पौलाच्या त्याच मंडळीला दुसरंही पत्र आहे, तीनच अध्यायांचं. पहिलं पत्र तुमच्यासाठी आहे, दुसरं त्याच्यासाठी. थेस्सलनीकेत कोणीतरी उठवलं होतं की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे. त्यावर पत्र सांगतं, आत्म्यानं सांगितलं म्हणून, किंवा आमचंच पत्र आलंय म्हणून कोणी आलं तरी घाबरू नका. तिथं काही जण काम सोडून नुसते हिंडत होते. त्यांना पत्र बजावतं की ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. शांतपणे काम करा आणि स्वतःच्या कष्टाचं खा. प्रभूच्या येण्याची सगळ्यात उत्कट वाट बघणाऱ्या मंडळीला हे लिहिलंय. वाट बघणं आणि सीएनसीवर पाळी करणं एकाच माणसाला जमतं.

तारखेबद्दल प्रभूचं म्हणणं स्पष्ट आहे. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्राला नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. तरी तारखा दिल्या गेल्या. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 साठी लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. 2011 मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या गृहस्थांनी 21 मे ही तारीख जगभर फलकांवर लावली. प्रत्येक वेळी दुसरा दिवस उजाडला. मंडळी अचानक उचलली जाईल आणि बाकीचं जग संकटात मागं राहील, ही मांडणी 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बींनी रुजवली आणि 1909 च्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या बायबलमधून ती दूरवर गेली. ती मानणारे पुष्कळ लोक प्रामाणिक आहेत. पण थेस्सलनीकेच्या पहिल्या पत्रातल्या ज्या वचनाचा ते आधार घेतात, त्या मेघांत प्रभूला सामोरे जाण्याकडे, मी वेगळ्या नजरेनं बघते. पौल कैदी म्हणून रोमला निघाला तेव्हा तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे आले आणि त्याच्याबरोबर शहरात परतले. वेशीवर पाहुण्याला घ्यायला गेलेली माणसं पाहुण्याबरोबर निघून जात नाहीत, त्याला गावात घेऊन येतात. आपणही प्रभूला घेऊन इथंच येणार आहोत. प्रकटीकरणाच्या शेवटीही नवं यरुशलेम वरून खाली उतरतं आणि देव माणसांत वस्ती करतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा सांगलीत लोकांनी काय केलं, ते मुलानं पाहिलंय. माणसं होड्यांतून दुसऱ्यांची म्हातारी माणसं काढत होती. लढाया, दुष्काळ, भूकंप यांच्याबद्दल बोलताना प्रभू म्हणाला, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आणि तुमच्याच गावाचं बघा. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभारलं. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त परत येईल, हा त्यांच्या मंडळीचा अंगीकार होता. तो मनात धरून त्यांनी पाया खणला, मोतीबिंदू काढले, मुलींना नर्सिंग शिकवलं. तुम्ही घातलेला पांढरा युनिफॉर्म त्याच विश्वासातून मिरजेत आला.

मुलाशी वाद घालताना हे सगळं त्याच्या अंगावर टाकू नका. मला त्याच्या त्या वाक्यात, "पप्पा उठणारच आहेत", फार मोठं दुःख ऐकू येतं. त्याला प्रभू लवकर यायला हवाय, कारण त्याला वडील लवकर हवेत. एका संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि विचारा, पप्पा भेटले तर आधी काय सांगशील? मग ऐका, मध्ये बोलू नका. नंतर दोघं मिळून ती दोन्ही पत्रं वाचा, मोठ्यानं, एकेक अध्याय आलटून पालटून. सगळं मिळून तासाभराचं काम आहे. तो रात्र रात्र जागत असेल, उपास करून खंगत असेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर वेळ न घालवता मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. ती लक्षणं तुम्ही वॉर्डात पाहिलेली आहेत. तुमच्या मंडळीच्या पाळकांनाही घरी बोलवा. आईचं न ऐकणारी मुलं कधी कधी बाहेरच्या माणसासमोर बोलतात.

आणि दगड बसवा. दफनभूमीच्या कमिटीची परवानगी घ्या, काळा पाषाण घ्या, नाव, जन्म, मृत्यू आणि एक वचन कोरून घ्या. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" एवढंही पुरेल. जो उठणार आहे त्याची जागा राखून ठेवायची असते. मुलगा तयार असेल तर वचन त्याला निवडू द्या. दगड थोडा रुंद घ्या, पुढंमागं तुमचंही नाव त्यावर येईल.

ईस्टरच्या पहाटे आपल्याकडच्या काही मंडळ्या दफनभूमीतच उपासना घेतात. तुमच्याकडे असेल तर त्याला घेऊन जा. ब्रदरांनी सांगितलेलं काही न घडताच तो दिवस सरला तर मुलगा आतून मोडेल. तेव्हा घरातल्या, भावकीतल्या कोणीही त्याला "बघ, सांगत होतो" असं ऐकवता कामा नये, ही जबाबदारी तुम्ही घ्या. त्याला गरम जेवण वाढा. दोन-चार दिवस जाऊ द्यात, मग कुपवाडच्या त्याच्या सुपरवायझरना फोन लावायला सांगा. कारण विचारलं तर "वडील गेल्यापासून घरी अडचण होती" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. जुनी जागा भरलेली असली तर दुसऱ्या कारखान्यात विचारू दे. त्यानं फोन केला की मला कळवा.