पाटी जुनी की जुनाट केलेली?

प्रश्न : गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात थम्स अपची एनॅमलची पाटी पाहिली. विकणारा १९६५ सालची म्हणतो. घ्यावी का? (पंचवटी)

उत्तर : १९६५ची असणं शक्य नाही. थम्स अप १९७७ साली, कोकाकोलाने भारत सोडला तेव्हा बाजारात आलं. तरी पाटी लगेच टाकून देऊ नका, ऐंशीच्या दशकातली असू शकते. इतर कंपन्यांच्या पाट्यांवर तळाशी बारीक अक्षरांत पत्ता असेल तर बघा. त्यात सहा आकडी पिनकोड असला की पाटी १९७२नंतरचीच.

एनॅमल म्हणजे काचेची भुकटी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून वितळवलेली. रंग थरावर थर चढलेले असतात, म्हणून अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की बारीकशी पायरी लागते. लागली नाही आणि दहापट भिंगातून ठिपके दिसले, तर ती छापील पाटी. छापील पाट्याही जुन्या असतात, पण त्यांना एनॅमलचा भाव देऊ नये.

आता स्क्रूची भोकं तपासा. अस्सल पाटीत ती भाजण्याआधी पाडतात, त्यामुळे काठावरही एनॅमल चढलेलं असतं. गंज भोकं, कडा आणि टवके इथूनच सुरू होतो, कारण काच गंजत नाही. अखंड काचेवरच तपकिरी डाग सगळीकडे सारखे पसरलेले दिसले, तर ते पाटी जुनाट दिसावी म्हणून केलेलं कारागिराचं काम समजा.

प्रश्न : गंज काढायला टॉयलेट क्लीनर वापरलं. गंज गेला, पण चमकही गेली. परत येईल? (नाशिकरोड)

उत्तर : नाही. आम्लाने काचेचा वरचा थर खाल्ला आहे. मेण लावून थोडं झाकता येईल, इतकंच. लिंबू-चिंचेचंही तेच, तांब्याची भांडी घासायची सवय इथे चालत नाही.

पुढच्या पाटीसाठी : लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, सुती फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. टवक्यातल्या गंजावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीने खरवडा. तारेची घासणी नको. तेल स्पिरिटने पुसून रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. टवका रंगाने बुजवू नका, घेणाऱ्याला तो नंतर सापडतोच आणि मग सगळ्या पाटीवरच संशय येतो. हाताने रंगवलेल्या पत्र्याला मात्र यातलं काहीही लावू नका, मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा.

प्रश्न : भिंतीला कशी लावावी? (सिडको)

उत्तर : स्टेनलेसचे स्क्रू, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर. वॉशर टेकला की थांबा. आणखी आवळलं तर पत्रा वाकतो, काच वाकत नाही, आणि भोकाभोवती टवका उडतो. पावसाळ्यात भिंत ओल धरते, म्हणून मागे अर्धा इंच जागा सोडा.