झेंडा आणायचा कोणी आणि राखायचा कोणी?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातील सोळा जण कर्जतजवळच्या एका मैदानावर पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून एकमेकांना बाद करायचा खेळ, खेळायला गेलो होतो. आठ-आठांचे दोन संघ केले आणि समोरच्यांच्या तळावरचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणायचा, असा डाव ठरला. आम्ही तीनही डाव हरलो. आमच्या संघातील दोघांचा नेम खरोखरच चांगला आहे. प्रत्येक डावात त्यांनी दोन-तीन जणांना बाद केले, तरी झेंडा मात्र समोरचेच घेऊन गेले. दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे. आमचे काय चुकते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात चांगल्या नेमाचा उल्लेख आहे, पण झेंडा कोणी उचलायचा आणि आपला कोणी राखायचा, याबद्दल एक अक्षरही नाही. दुखणे बहुधा तेथेच आहे.

या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर या गावाजवळच्या जंगलात झाला. लेखक चार्ल्स गेन्स आणि त्यांचे शेअरदलाल मित्र हेज नोएल यांच्यात एक वाद बरेच दिवस चालला होता : जंगलात निभाव कोणाचा लागेल, शहरात मुरलेल्या माणसाचा की रानात वाढलेल्याचा? त्याचा निकाल लावण्यासाठी त्यांनी आणि बॉब गर्न्सी यांनी मिळून बारा जण जमवले आणि प्रत्येकाच्या हाती, झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेले, नेलस्पॉट नावाचे एकेक पिस्तूल दिले. त्या दिवशी संघ नव्हते, प्रत्येक जण आपापला खेळत होता. जंगलात चार ठिकाणी चार रंगांचे झेंडे होते आणि प्रत्येक रंगाचा एकेक झेंडा गोळा करून अंगावर रंग न लागता बाहेर पडायचे होते. जिंकला रिची व्हाइट हा वनव्यवसायातला माणूस, आणि त्याने अख्ख्या डावात एकही गोळी झाडली नाही. बाकीचे एकमेकांच्या मागावर असताना तो झाडांच्या आडून झेंडे गोळा करत फिरला.

तेव्हा नेमबाजांना दोष देऊ नका, पण त्यांना काम नेमून द्या. झेंड्याच्या डावात गोळीचे मुख्य काम समोरच्याला बाद करणे हे नसते, तर त्याला आडोशामागे डोके खाली घालून बसायला लावणे हे असते. समोरचा गडी ड्रमामागे दबून बसला आहे तेवढ्या आठ-दहा सेकंदांत आपला माणूस पुढच्या आडोशापर्यंत पोहोचला, की गोळ्या सत्कारणी लागल्या असे समजावे. मैदानावर गोळ्या बहुधा मोजून मिळतात, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांतच निम्म्या संपवणारा नेमबाज पुढे आपल्याच संघाला जड होतो.

आठ जणांसाठी मी अशी मांडणी सुचवेन : दोघे तळावर, दोघे मध्यभागी आणि चौघे मैदानाच्या एकाच कडेने. मधल्या दोघांनी आवाज करायचा, अधूनमधून गोळी झाडायची आणि समोरच्यांचे लक्ष स्वतःवर खिळवून ठेवायचे. एरवी मधून कोणी फारसे पुढे सरकत नाही. कडेच्या चौघांपैकी एकाचेच नाव झेंडा उचलण्यासाठी आधी ठरवावे, आणि तो बाद झाला तर दुसरा कोण, हेही ठरवावे. तळावरच्या दोघांनी झेंड्याला चिकटून उभे राहू नये, ही चूक नवखे संघ हमखास करतात. झेंडा कोठे आहे हे समोरच्यांना ठाऊकच असते, त्यामुळे त्याच्या शेजारचा माणूस त्यांना शोधावाही लागत नाही. पंधरा-वीस पावले बाजूला, जेथून झेंड्याकडे येणारी वाट आडवी दिसते, तेथे बसावे. झेंड्याकडे धावत येणाऱ्याला आपली कूस उघडी पडली आहे याचे भान राहत नाही.

परतीकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्या. आपल्या आट्यापाट्यांत शेवटची पाटी ओलांडली म्हणजे अर्धेच काम झालेले असते, साऱ्या पाट्या परत ओलांडून आल्याखेरीज लोण होत नाही. येथेही तसेच आहे. मी पहिल्यांदा झेंडा उचलला, तेव्हा आलेल्या वाटेनेच परत पळत सुटलो. येताना ती वाट मोकळी होती, कारण तिच्यावरचे दोघे दुसऱ्या बाजूला गुंतलेले होते. परतताना त्याच दोघांनी टायरांच्या ढिगामागे तोंड फिरवून माझी वाट पाहिली. तळ वीस पावलांवर असताना झेंडा मुठीत आणि कानामागून मानेत ओघळणारा नारिंगी रंग, अशा अवस्थेत मी हात वर करून उभा राहिलो. पंचांनी झेंडा तेथेच ठेवायला लावला आणि माझ्या मागे कोणीच नसल्यामुळे तो उचलायला आमच्याकडचा माणूस आला नाही. बहुतेक मैदानांवर झेंडा नेणारा बाद झाला तर झेंडा त्याच जागी राहतो आणि जवळचा सहकारी तो पुढे नेऊ शकतो. म्हणून झेंडेवाल्याच्या मागे दहा पावलांवर एक जण असलाच पाहिजे. शिवाय आपला झेंडा जागेवर असेल तरच आणलेला झेंडा मोजायचा, असा नियमही काही ठिकाणी असतो, तेव्हा डावाआधी पंचांना ते जरूर विचारा. हा नियम असेल तर तळावरच्या दोघांना चढाईचा मोह किती महागात पडतो, ते वेगळे सांगायला नको.

आणखी एक साधी सवय लावा. समोरचा कोणी बाद झाला की ज्याने पाहिले त्याने मोठ्याने आकडा ओरडावा : ‘तीन गेले!’ आठांतले पाच गेल्याचे सगळ्यांना कळले, की उरलेल्या तिघांवर चालून जाता येते. तेच न कळल्यामुळे रिकाम्या मैदानासमोर चार जण आडोशामागे बसून राहिलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा मित्राच्या वाढदिवसाला हाच खेळ खेळायला जाणार आहे. पेंटबॉलला पाठवावे की लेझर टॅगचा आग्रह धरावा? लेझरने डोळ्यांना अपाय होत नाही ना?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, अकराव्या वर्षी मी लेझर टॅगच्या बाजूने आहे. नाव लेझरचे असले, तरी बहुतेक यंत्रणांत बंदुकीतून निघतो तो टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त प्रकाश, आणि अंगावरच्या जाकिटातील संवेदक तो टिपतात. दिसणारा लाल किरण मुख्यतः देखाव्यासाठी असतो, तरी तो कोणाच्या डोळ्यांवर रोखायचा नाही, हे मुलाला सांगून ठेवावे.

पेंटबॉलची नेहमीची गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि तीन ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. जिलेटिनच्या कवचातील ही गोळी सेकंदाला ८५ ते ९० मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. अंगावर ती वळ उठवते, पण उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. मुलांसाठी १२.७ मिलिमीटरच्या, कमी मार देणाऱ्या गोळ्यांची साधने मिळतात. पाठवायचेच ठरले, तर तीच आहेत का हे विचारून घ्या आणि मुलाला एक गोष्ट पाठ करून पाठवा : मैदानात असेपर्यंत मास्क काढायचा नाही. काच धुकटली, दिसेनासे झाले, तरी मास्क वर करायचा नाही. हात वर करून पंचांना हाक मारायची आणि त्यांच्यासोबत बाहेर यायचे.

झेंड्याचा डाव लेझर टॅगमध्येही रंगतो, फक्त तेथे बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. जाकीट काही सेकंद बंद पडते किंवा तळावर जाऊन पुन्हा सुरू करून घ्यावे लागते, आणि तो परत हजर होतो. त्यामुळे एकट्याने झेंडा घेऊन निघालेल्या मुलाला, मघाशी मारलेला गडीच पुन्हा आडवा येतो. जोडीने जायला सांगा. खेळ उघड्यावर असेल तर संध्याकाळची वेळ मागा, कारण कडक उन्हात अवरक्त प्रकाशाचा पल्ला घटतो.

प्रश्न : गोळी माझ्या बंदुकीवर फुटली, अंगाला रंगाचा थेंबही लागला नाही, तरी पंचांनी मला बाद दिले. उलट, एका गड्याच्या छातीवर गोळी आपटून न फुटताच उडाली, त्याला मात्र खेळू दिले. हा कुठला न्याय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही निर्णय बरोबर आहेत. सर्वसाधारण नियमांनुसार अंगावर घातलेली आणि हातात धरलेली प्रत्येक वस्तू ही खेळाडूच धरली जाते, आणि न फुटलेली गोळी मोजली जात नाही. झाडावर फुटून उडालेले शिंतोडेही धरत नाहीत. गोळी फुटली नाही याचे एक कारण आपल्याकडे नेहमी घडते : दमट हवेत उघड्या राहिलेल्या गोळ्यांचे जिलेटिन ओलावा शोषून मऊ पडते, गोळी चिमटीत दाबली तर दबते, ती सरळ जात नाही आणि आपटली तरी फुटत नाही. पुढच्या वेळी गोळ्या हाती आल्या की चार-पाच दाबून पाहा, आणि मऊ लागल्या तर डाव सुरू होण्याआधीच बदलून मागा.