इंका ट्रेलवर जाण्यापूर्वी पोर्टरांच्या पाठीवरच्या वजनाचा विचार करा

तुम्ही लिहिले आहे की जुलैत चौघे जण पेरूतल्या कुस्कोला जात आहात, माचू पिक्चूपर्यंत पायी नेणाऱ्या इंका ट्रेलच्या चार दिवसांसाठी दोन कंपन्यांचे दर मागवले आहेत, आणि त्यांतली स्वस्त कंपनी "सामान कितीही आणा, पोर्टर आहेत" असे सांगते आहे. हे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण मलाही अगदी हेच सांगण्यात आले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. परवाना, पासपोर्ट, विरळ हवेची सवय या गोष्टी तुम्ही पाहिल्याच असतील, म्हणून त्यांत शिरत नाही.

पेरूच्या कायद्याने पोर्टरला 20 किलोपेक्षा जास्त ओझे देता येत नाही, आणि वाट जिथे सुरू होते त्या, कुस्कोहून येणाऱ्या रेल्वेमार्गाच्या 82व्या किलोमीटरवरच्या नाक्यावर ते काट्यावर मोजले जाते. आमच्या कंपनीने नाक्याच्या अलीकडे तंबूचे खांब आणि शिध्याच्या पिशव्या आम्हा प्रवाशांच्या हातांत दिल्या, "थोडा वेळ धरा" म्हणून सांगितले आणि पलीकडच्या वळणाआड त्या पुन्हा पोर्टरांच्या गाठोड्यांत बांधल्या. काय चालले आहे ते मला त्याच क्षणी कळले होते, तरी मी गप्प राहिले. माझ्या डफल बॅगेत जादा जॅकेट, बुटांचा दुसरा जोड आणि चिवड्याचे डबे होते, हेही मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सुमारे 4,200 मीटर उंचीच्या वार्मिवान्युस्का खिंडीत माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ, पायांत टायरच्या चपला घालून, ती बॅग घेऊन माझ्या पुढे निघून गेले. ते मूळचे बटाट्याची शेती करणारे होते. त्यांचे नाव मी शेवटच्या संध्याकाळी विचारले, आणि त्याची खंत आजही वाटते.

कुस्कोला परतल्यावर तक्रार करायला गेले, तेव्हा कंपनीने "ओझे ते स्वखुशीने उचलतात" असे उत्तर दिले. ज्या कार्यालयाकडे मला पाठवण्यात आले तिथे दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरल्यावर स्पॅनिशमध्ये लेखी अर्ज आणि पोर्टरचे नाव मागितले गेले. नाव दिले असते तर काम त्यांचेच गेले असते, कंपनीचे काहीही बिघडले नसते. म्हणून अर्ज न करताच परतले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच धोक्यात घातल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नसेल, तर ती व्यवस्था नेमकी कोणासाठी आहे, हा प्रश्न मला अजून छळतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: प्रश्न पैसे भरण्यापूर्वीच विचारावेत, आणि उत्तरे लेखी घ्यावीत. चौघांसाठी किती पोर्टर असतील, ते कुठे झोपतात, काय जेवतात, बूट आणि झोपण्याच्या पिशव्या कंपनी देते का, विमा आहे का? सरकारी परवान्याचे शुल्क दोन्ही कंपन्यांना सारखेच भरावे लागते. त्यामुळे दरात मोठा फरक दिसला तर तो बहुधा कोणाच्या तरी मजुरीतून किंवा जेवणातून काढलेला असतो. अर्थात महाग कंपनी प्रामाणिकच असते असे नाही, आणि माझा अनुभव एका सहलीपुरताच आहे. बक्षिसी मात्र सोल या तिथल्या चलनाच्या लहान नोटांत, ज्याच्या त्याच्या हातातच द्यावी. केचुआ या तिथल्या भाषेत "सुल्पायकी" म्हणजे धन्यवाद. एवढा एक शब्द बोललात तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

कुस्को शहरातही हेच भान ठेवावे. सान ब्लास भागातल्या गल्ल्यांत अल्पाका हा लोकरीचा प्राणी घेऊन उभ्या असलेल्या स्त्रियांचे छायाचित्र काढणार असाल तर आधी विचारा आणि मोबदला द्या, कारण ती त्यांची रोजीरोटी आहे. कोकाच्या पानांचा चहा तिथे खुशाल प्या. पण पाने किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नका; कोकेन याच पानांपासून बनते, आणि आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थ कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

सह्याद्रीत आपण आपली सॅक आपणच वाहतो, तिथेही शक्य तेवढी वाहावी. पोर्टरकडे द्यायची बॅग घरीच वजन करून, झोपण्याच्या पिशवीसह, 7 किलोच्या आत बसवा.